उजवीकडून उगवणारी माणसं

परवा सकाळी गॅलरीचा पडदा सरकवला आणि समोरचा टॉवर नव्हता. आदल्या संध्याकाळी होता. त्याच्या अकराव्या मजल्यावर कुणीतरी लाल चादर वाळत घातली होती, तीही मी पाहिली होती. आता टॉवर नाही, चादर नाही, खालची बाग नाही. नुसता करडा, जरासा पिवळट चौकोन. दिवाळी उलटली की गुरुग्रामला हे असं होतं आणि दरवर्षी आम्ही सगळे जन्मात पहिल्यांदाच पाहिल्यासारखे चकित होतो. आपल्या सहा ऋतूंत या दिवसांना नाव नाही. शरद म्हणावं तर चांदणं कुठे आहे, हेमंत म्हणावं तर थंडीचा अजून पत्ता नसतो. हे दिवस आधी घशाला कळतात, मग डोळ्यांना, मग शाळा बंद होतात.

"आलं वाटतं," मागून बाबा म्हणाले. हातात चहाचा कप घेऊन ते माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले, म्हणजे मी त्यांच्या डाव्या हाताला. हल्ली ते असेच उभे राहतात.

"टॉवर गेला ना गं मेधा?"

"गेला."

"हां. मला वाटलं, मलाच दिसत नाहीये."

आम्ही दोघंही हसलो, पण माझं हसू टिकलं नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत बाबांच्या डोळ्यांचं जे झालं, त्याची मला अजून नीट संगती लावता आलेली नाही. काय या दिवसांतल्या धुरामुळे होतं, काय माझ्या त्या खेळामुळे आणि काय डोळ्यांमुळे, हे मी आठवायला बसते आणि धागे एकमेकांत अडकतात. टॉवर परत दिसेनासा झाला की मी पुन्हा तेच सोडवायला बसते.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. नद्यांच्या खोऱ्यांचे नकाशे तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो तेव्हापासून सकाळी फिरायला जाणं हा त्यांचा धर्म. जोडीला शेखकाका, मूळचे सोलापूरचे, बाबांच्याच ऑफिसातले. दोघं पार्काला पाच चकरा मारायचे आणि सहावीत राजकारणावरून भांडायचे. निवृत्तीनंतर आई-बाबा माझ्याकडे गुरुग्रामला आले, शेखकाका दिल्लीतच राहिले, पण बाबांच्या चकरा सुटल्या नाहीत. इथे सोसायटीच्या ट्रॅकवर त्या चालू राहिल्या. मागच्या वर्षी मात्र हवा इतकी बिघडली की छातीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, फिरणं बंद. बाबा चार दिवस हॉलमध्ये सोफ्याभोवती फिरले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "अहो, मला चक्कर यायला लागली तुमच्याकडे बघून. बसा एका जागी."

मग मी त्यांना माझ्या कॉम्प्युटरपुढे बसवलं.

चाळिशीतली बाई व्हिडिओ गेम खेळते, हे आईला आजतागायत पटलेलं नाही. त्यातून हा खेळ म्हणजे मोठं प्रकरण. तुम्ही एक भटका योद्धा व्हायचं, डोंगरदऱ्या, गावं, बाजार पालथे घालायचे. वाटेत लोक भेटतात, कामं सांगतात, ती करता करता कथा पुढे सरकते. खरं सांगायचं तर मला कथेत फारसा रस नव्हता. मला त्यातली कारागिरी आवडायची. माझी नोकरीच तशी. एका कंपनीत मी सॉफ्टवेअरचा वेग तपासते. कुठलं पान उघडायला किती वेळ लागतो, गर्दी वाढली की कुठे दम लागतो, एवढंच दिवसभर बघायचं. खेळाच्या पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं सरकली तर हालचाल लोण्यासारखी वाटते, तीस झाली की मधे मधे खडा लागतो. आजकालचे भारी खेळ भारी यंत्रांवरसुद्धा धापा टाकतात. आणि हा बहाद्दर माझ्या म्हाताऱ्या ग्राफिक्स कार्डावर साठाच्या खाली उतरायला तयार नव्हता. भर बाजार, शंभरेक माणसं, वरून पाऊस, ओल्या फरशीत दुकानांच्या दिव्यांचं प्रतिबिंब, तरी कोपऱ्यातला आकडा साठ. यंत्राचा पंखासुद्धा आवाज करायचा नाही.

हे कसं जमतं, ते मी बाबांना पहिल्याच दिवशी उत्साहाने समजावून सांगितलं होतं. लांबचा डोंगर म्हणजे नुसता ओबडधोबड आकार असतो. आपण जवळ जाऊ तशी त्याला झाडं फुटतात, झाडांना पानं येतात, आणि हे कधी घडलं ते खेळणाऱ्याला कळू द्यायचं नाही यातच खरं कसब. आपल्या पाठीमागे तर काही नसतंच. आपण जिकडे बघत नाही तिकडचं जग यंत्र काढतच नाही, उगाच मेहनत कशाला?

"बिल्कुल आमच्या ऑफिससारखं," बाबा म्हणाले. "साहेबांची नजर जाईल तेवढंच झाडून घ्यायचं."

असं बाबांचं फिरणं पुन्हा सुरू झालं. सकाळी सातला चहा, मग कानटोपी घालून कॉम्प्युटरपुढे. कानटोपी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, सवय आहे. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, की पाठीवरची ही तलवार काढून ठेवता येते का, फिरायला जाताना कोण हत्यार घेतं? काढता येत होती. मग ते निःशस्त्र हिंडू लागले. गावातली माणसं हात जोडून कामं सांगायची, आमच्या शेळ्या लांडगा नेतो, माझा नवरा जंगलातून परतला नाही. बाबा प्रत्येकाला नाही म्हणायचे. "एकदा हो म्हटलं की ते पेंडिंग दिसत राहतं," ते म्हणाले. "पेंडिंग काम डोक्यावर ठेवून मी कधी झोपलेलो नाही." नदीच्या काठाने मात्र ते तासन्‌तास चालायचे. एकदा मला हाक मारून बोलावलं आणि वळणावरची वाळू दाखवली. आतल्या बाजूला गाळ, बाहेरच्या बाजूला काठ खचलेला. "ज्याने ही काढलीय ना, त्याने खरी नदी बघितलीय यार," ते म्हणाले. बाबांच्या तोंडी 'यार' फक्त शेखकाकांसमोर यायचं. मला फार बरं वाटलं.

त्या दिवसांत बाहेर दुपारीही दिवे लागलेले असायचे आणि आत पडद्यावर दहा कोसांवरचं बर्फाचं शिखर लख्ख दिसायचं. खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नाही, आणि कॉम्प्युटरमध्ये पलीकडच्या खोऱ्यातल्या देवळाचा कळससुद्धा दिसतो. कुठलं जग नीट चाललंय, असा प्रश्न मला पडायचा. खिडकीतल्याचं सेटिंग कुणीतरी तळाला नेऊन ठेवलंय, असं मी ऑफिसात म्हणायची आणि सगळे हसायचे.

आठ-दहा दिवसांनी बाबा म्हणाले, "बाकी सगळं उत्तम आहे गं. फक्त ही माणसं एकदम उगवतात."

"कुठून?"

"कुठूनही. बाजूने. नसतात, नसतात, आणि एकदम अंगावर येतात."

मला आनंद झाला. आता हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. कारण हा दोष मला पाठ होता. खेळात लांबच्या वस्तू वेळेवर तयार झाल्या नाहीत की अशा फटकन उगवतात. डिस्क जुनी असली, मेमरी अपुरी पडली की होतंच. म्हणजे ह्या साठवाल्या बहाद्दरातही खोट निघाली तर! मी शनिवारचा सबंध दिवस त्याच्यामागे घालवला. आधी सावल्यांची बारकाई उतरवली, मग गवताची घनता कमी केली, माणसं किती अंतरापासून काढायची तो आकडा वाढवला. "आता बघा बाबा." ते बसले, दोन गल्ल्या फिरले. "बरंय आता," म्हणाले. आणखी चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मी नवी वेगवान डिस्क आणली, खेळ तिच्यावर हलवला. "आता?" "हो, बरंय. बराच फरक आहे."

ऑफिसात माझ्या हाताखालची मुलं कधी म्हणाली, "मॅम, अब फास्ट लग रहा है," तर मी त्यांच्या अंगावर जाते. "लग रहा है मत बोलो. नंबर दिखाओ." 'वाटतं' या शब्दाला माझ्या टेबलावर जागा नाही. आणि घरी मी माझ्या सख्ख्या बापाच्या 'बरंय'वर टिकमार्क करत होते.

मला एवढंच कळेना, की मला स्वतःला काही दिसत का नाही. मी त्यांच्या फिरण्याचं रेकॉर्डिंग करून एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. माणसं लांबून, नीट, पायांनी चालत येत होती. मासेवाला रस्त्याच्या टोकापासून येत होता. खेळणाऱ्यांच्या चर्चांमध्ये सगळे एकमुखाने लिहीत होते की या खेळात हा दोष नाही, म्हणून तर तो नावाजलाय. खेळ निर्दोष होता, आणि बाबांना दोष दिसत होता. मी गोंधळले, पण माझा गोंधळ यंत्राच्या बाहेर पाऊल टाकेना.

घरात इतरही गोष्टी होत होत्या. जेवताना बाबांच्या उजव्या हाताचा पाण्याचा पेला आठवड्यातून दोनदा लवंडायचा. खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. खाली औषधं आणायला गेले, तेव्हा एका मोटारसायकलवाल्याने त्यांना शिव्या घातल्या. "धूर किती आहे बघतेस ना," बाबा म्हणाले, "कोण कुठून येतंय, समजतच नाही." आणि ते खरंच होतं, त्या दिवसांत समजत कुणालाच नव्हतं. आई म्हणायची, सगळं त्या खेळामुळे. "दिवसभर त्या डोंगरात असतात, घरातला पेला कुठून दिसणार?" बाबांचा धूर, आईचा खेळ, माझी डिस्क. डोळ्यांचं नाव तिघांपैकी कुणीही काढलं नाही, कारण बाबांचे दोन्ही मोतीबिंदू चार वर्षांपूर्वीच काढून झाले होते. डोळ्यांची फाइल आमच्या घरात बंद झाली होती.

संक्रांतीच्या सुमाराला इकडची मराठी माणसं पानिपतला जातात, काला अंबच्या युद्धस्मारकाला. आम्ही दरवर्षी जातोच असं नाही, पण त्या वर्षी शेखकाका म्हणाले, पाठक, किती महिने झाले, चल आता, हवा सुधारलीय. सुधारली होती. दोन दिवस वारा सुटला होता, सकाळचं धुकं दहापर्यंत विरलं आणि तिथे पोचलो तेव्हा आकाश इतकं निळं होतं की आईने दोनदा वर बघितलं. स्मारकाजवळ नमस्कार करून आम्ही हिरवळीवरच्या वाटेने परत निघालो. आई आणि मी मागे होतो. पुढे बाबा, आणि त्यांच्या उजव्या बाजूने शेखकाका. काकांनी खिशातून पुडी काढली, तिळगुळाची एक वडी बाबांपुढे धरली. दरवर्षी ते सोलापूरहून मागवतात. "घे, पाठक. गोड बोल."

बाबा चालत राहिले.

काकांनी हात आणखी पुढे केला. "अरे घे की."

बाबा आवाजाच्या दिशेने वळले आणि इतके दचकले, की एक पाऊल मागे सरकले. "अरे! तू कधी आलास?"

शेखकाका वडी धरून तसेच उभे. "कधी आलास काय? गेटपासून तुझ्याबरोबर चालतोय. रुसलास की काय बाबा?"

बाबांनी हसून वडी घेतली. पण मी पाहत होते. ऊन लख्ख होतं. धूर नव्हता, धुकं नव्हतं, डिस्क नव्हती, पडदा नव्हता. आणि एक सहा फुटी माणूस, तीस वर्षांचा मित्र, बाबांच्या उजवीकडून एकदम उगवला होता.

आम्ही गाडीत बसलो. मग गाडी सुरू न करताच मी बाबांना म्हटलं, सरळ समोर बघा, आणि माझा हात त्यांच्या उजव्या कानापासून सावकाश पुढे आणला. दिसला की सांगा. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "हां, आला." मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी." पण त्यात खोच नव्हती, ती रडत होती.

काचबिंदू, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजवा डोळा बराचसा गेलेला, डाव्याचा नाकाकडचा, म्हणजे उजवीकडचाच, भाग गेलेला. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून राहिलेलं राखायचं. नजरेचा आवाका मोजण्यासाठी त्यांनी बाबांना एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसवलं. आत बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. बाबा बटण हातात घेऊन असे टेकले, जसे रोज सकाळी माउस घेऊन टेकायचे. टकटक टकटक दाबत होते. दहा मिनिटांनी तंत्रज्ञ मुलगी बाहेर आली. "अंकलजी, जब लाइट आई ही नहीं तब भी आप दबा रहे थे. दोबारा करना पड़ेगा."

"बाबा, दिसत नसताना का दाबलंत?"

ते ओशाळले. "अगं, मला वाटलं माझं हुकतंय. कमी मार्क बरे नाही दिसत."

मला त्या क्षणी सगळे 'बरंय' एकदम ऐकू आले. सावल्या उतरवल्या तेव्हाचा, डिस्क बदलली तेव्हाचा. दिवसभर खपून मुलगी मागे उभी राहून विचारतेय, आता बघा. मग बाप दुसरं काय म्हणणार? त्यांनी तेव्हाही बटण दाबलं होतं.

"पण त्यांना काळं काही दिसत नव्हतं," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. "समजलं कसं नाही त्यांना?"

"नाहीच समजत. जिथे डोळ्याकडून काही येत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो. रस्ता असेल तर रस्ता, भिंत असेल तर भिंत. इतकं बेमालूम, की माणूस तक्रार घेऊन येतो तेव्हा उशीर झालेला असतो."

या कसबाचं कौतुक मी आयुष्यभर करत आले होते. कमी मालात पूर्ण जग उभं करायचं आणि काय गाळलं ते बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. खडा लागू द्यायचा नाही, काटा साठावर ठेवायचा. बाबांच्या डोक्यात ते इतकं उत्तम चाललं होतं, की शेखकाकांना गाळून तिथे हिरवळ भरली गेली होती.

"आम्ही दोन-अडीच महिने आधी आलो असतो तर?"

"हे काही वर्षांपासून चाललेलं असणार. दोन महिन्यांनी फार मोठा फरक पडला नसता."

'फार मोठा' म्हणजे किती, हे मला विचारायचं होतं. नंबर दाखवा, असं म्हणायचं होतं. मी विचारलं नाही, आणि अजूनही कळत नाही की ते धीर नव्हता म्हणून की आता मलाही 'वाटतं' एवढंच हवं होतं. कधी वाटतं, खेळ लावून दिला नसता तर बाबा बाहेर चालले असते, धडपडले असते, आणि लवकर कळलं असतं. कधी वाटतं, खेळामुळेच तर ते बोलले. चौकटीला खांदा लागण्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, तक्रार केली ती पडद्यावरच्या माणसांची. त्यांनी मला जे होतं ते बरोबर शब्दांत सांगितलं होतं. मीच ते चुकीच्या यंत्राच्या नावावर नोंदवलं.

आता वर्ष होत आलं. सकाळ-संध्याकाळ आई थेंब घालते, वेळ चुकू देत नाही. मागच्या तपासणीत जेवढं होतं तेवढं राहिलंय. शेखकाका आता भेटले की डाव्या बाजूने चालतात आणि भांडतात मात्र उजव्या बाजूने, असं बाबा म्हणतात. ते खरंच तसं आहे की बाबांना मला हसवायचं असतं, हेही मला कळत नाही.

परवा टॉवर गेला आणि फिरणं पुन्हा बंद झालं. बाबा कानटोपी घालून कॉम्प्युटरपुढे बसले. मी खुर्ची थोडी मागे घेतली आहे आणि खेळातली नजरेची रुंदी शेवटपर्यंत ओढून ठेवली आहे. माणसं बारीक दिसतात, पण जास्त मध्यावर येतात. उपयोग होतो का? बाबा म्हणतात, होतो. म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसले.

"कसं दिसतंय?"

"बरंय."

"बरंय नको, बाबा. चौकात माणसं किती आहेत, सांगा."

ते पुढे झुकले. नकाशा तपासल्यासारखं बोट हवेत फिरवत मोजू लागले. "हा लोहार. पाण्यावरच्या दोघी. तो मासेवाला. आणि हा देवळाच्या पायरीवरचा. पाच."

पडद्याच्या उजव्या कडेला, झाडाखालच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. मी बाबांच्या हातावर हात ठेवला आणि माउस सावकाश सरकवला. चौक हळूहळू डावीकडे गेला, अजिबात खडा न लागता, आणि बाक मध्यावर आला.

"अरे," बाबा म्हणाले. "सात." पडद्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "हे दोघं आत्ता आले, का होतेच?"

कोपऱ्यात आकडा साठावर होता. खिडकीत करडा चौकोन होता. बाबांचा हात माझ्या हाताखाली उत्तराची वाट बघत होता.

"आत्ता आले, बाबा," मी म्हटलं. "आत्ताच."